रुमालातून तबकडीवर : वऱ्हाडच्या जमीन-नोंदीची कथा

श्रोतेहो, या सभागृहात बसलेल्या मंडळींपैकी ज्यांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी घडी पडून पिवळा झालेला सातबारा नाही, अशी मंडळी थोडीच असतील. शेत विकून गावात दुकान घातलेला गृहस्थ असो की तीन पिढ्यांपूर्वी नोकरीनिमित्त वाशीमला आलेले कुटुंब असो, तो कागद टाकून देण्याचे धैर्य कोणास होत नाही. आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय हाच कागद आहे. फरक इतकाच, की तो आता कागद राहिलेला नाही. तो कोठे तरी दूर, थंड केलेल्या खोलीत, एका डिस्कवर अंकांच्या रूपाने पडलेला आहे; आणि आपण त्यास प्रश्न विचारला म्हणजे तो क्षणभर कागदाचे रूप घेऊन आपल्यापुढे येतो. हे स्थित्यंतर कसे घडले, त्यात आपण काय मिळविले, आणि कोणती गोष्ट सांभाळली नाही तर काय गमावू, याचा विचार आज करावयाचा आहे.

यंत्राचा विषय म्हटला की आपली दृष्टी एकदम परदेशाकडे वळते. आम्ही मात्र प्रारंभ आपल्याच गावापासून करणार आहोत. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या नगराचा उल्लेख केला आहे, तो आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. या शाखेची खरी ओळख इतिहासास पटली ती १९३९ साली वाशीम येथे सापडलेल्या ताम्रपटामुळे. हा ताम्रपट दुसऱ्या विंध्यशक्तीचा, त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षी दिलेला. त्याची भाषा काही संस्कृत व काही प्राकृत. आणि विषय काय? तर नांदीकड, म्हणजे आजच्या नांदेडच्या बाजूचे एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांस दान दिल्याची नोंद. म्हणजे आमच्या जिल्ह्याचा हा अत्यंत मोलाचा लेख मुळात जमिनीचा दस्तऐवजच आहे! कोणी दिले, कोणास दिले, कोठले गाव, कोणत्या वर्षी, कोणत्या सवलतींसह, हे सारे त्यात आहे. आजच्या फेरफाराच्या नोंदीत याहून निराळे काय असते?

टिकाऊपणाच्या बाबतीत ताम्रपटाशी बरोबरी करणारे साधन अद्याप निघालेले नाही. शतकानुशतके तो टिकून राहिला आणि तरी वाचता आला. परंतु त्याच्या अंगी एक उणीव आहे. त्यास प्रश्न विचारता येत नाही. ‘या राजाने एकंदर किती गावे दिली?’, ‘अमुक गावावर आज कोणाचा हक्क आहे?’ असे विचारावयाचे तर सारे ताम्रपट गोळा करून एकेक वाचीत बसले पाहिजे; आणि जो सापडला नाही त्याची गोष्ट तेथेच संपली. ताम्रपट एक घटना सांगतो. परिस्थिती सांगत नाही. नोंद टिकविणे आणि नोंदीस प्रश्न विचारता येणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. आमच्या कथेत या दोन विद्या आरंभी दूर होत्या, पुढे हळूहळू एकमेकींजवळ आल्या.

मध्यंतरीचा काळ आम्ही भराभर ओलांडतो. ‘ऐने-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून बासिमचे नाव आहे. देशमुख-देशपांड्यांनी परगण्याचे आणि पाटील-पटवाऱ्यांनी गावाचे हिशेब ठेवले. हे कागद कापडात बांधून ठेवीत, त्यास रुमाल म्हणत. रुमालात काय आहे हे तो बांधणाऱ्यास ठाऊक. तो गेला की निम्मे ज्ञान त्याच्याबरोबर गेले. जमीन ओळखण्याची रीतही तशीच. ‘ओढ्याकाठचे’, ‘चिंचेखालचे’, ‘अमक्याच्या बांधालगतचे’ असे शेताचे वर्णन चाले. चिंच वठली, ओढ्याने पात्र बदलले, शेजारी मेला, की वर्णन निकामी झाले आणि तंटा उभा राहिला.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि १८६१ पासून येथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीची जमीन-मोजणी सुरू झाली. ही पद्धत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यात इंदापूरकडे १८३५-३६ च्या सुमारास घडविली होती. सारा किती बसला, तो जाचक होता की नाही, यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. तो आजचा विषय नव्हे. आमच्या दृष्टीने या मोजणीची महत्त्वाची देणगी एकच, आणि ती म्हणजे सर्व्हे नंबर. प्रत्येक शेताच्या कोपऱ्यांवर दगड रोवले गेले, नकाशा निघाला, आणि शेतास एक अंक मिळाला. चिंच वठो, मालक बदलो, पीक बदलो. अंक बदलत नाही. आता दोन निरनिराळ्या वह्यांत तोच अंक लिहिला की त्या वह्या आपोआप एकमेकींशी बोलू लागल्या. हा साधा अंक पुढच्या सर्व यंत्रविद्येचा पाया आहे असे आम्ही म्हटले, तर ती अतिशयोक्ती समजू नये.

पटवाऱ्याच्या दप्तराकडे आता जरा बारकाईने पाहू. १९५६ साली विदर्भ मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आला. त्याखाली गावाचे दप्तर २१ नमुन्यांत बांधले गेले. पहिला नमुना आकारबंदाचा. गावात कोणते गट, त्यांचे क्षेत्र किती व आकार किती, हे त्यात. सातवा नमुना अधिकार-अभिलेखाचा. कोणत्या गटावर कोणाचा हक्क, हे त्यात. बारावा पिकांचा. या दोहोंची जोडी म्हणजे सातबारा. नावात गूढ काही नाही. आठ-अ नमुन्यात खातेदार धरून त्याची सर्व जमीन एके ठिकाणी दाखविलेली. आणि सहावा नमुना फेरफाराचा. खरेदी, वारसा, वाटणी, बोजा असा जो बदल झाला तो प्रथम येथे क्रमांकाने लिहावयाचा.

बदलाची रीत किती विचारपूर्वक ठरविली आहे पाहा. कळ आली की तलाठ्याने, ज्यास आपल्याकडे अजून पटवारीच म्हणतात आणि ज्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे नवे नाव मिळाले आहे, ती फेरफार-वहीत लिहावी. नक्कल चावडीवर लावावी. संबंधितांस नोटीस द्यावी. हरकतीस १५ दिवसांची मुदत ठेवावी. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत घ्यावी. आणि मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी. त्यानंतरच सातवर बदल. तोही कसा? जुने नाव खोडून नव्हे. जुन्या नावास कंस करावयाचा, नवे नाव लिहावयाचे, आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक घालावयाचा. म्हणजे आजचा हक्कदार कोण हेही दिसते, आणि तो कोणत्या वाटेने आला हेही दिसते. कंसातले नाव मेलेले नसते; ते साक्षीदार असते.

कारंज्याच्या किंवा रिसोडच्या जुन्या व्यापाऱ्यांस ही रीत नवी वाटणार नाही. रोजकीर्द आणि खतावणी यांचाच हा मेळ आहे. व्यवहार प्रथम रोजकिर्दीत, मग खात्यावर. आणि खात्यात शंका आली तर पुन्हा रोजकिर्दीकडे. फेरफार ही जमिनीची रोजकीर्द. सात आणि आठ-अ या तिच्या खतावण्या. ही तुलना ध्यानात ठेवावी. यंत्राच्या पोटात शिरल्यावर ती उपयोगी पडेल.

इतके उत्तम दप्तर असताना अडले कोठे? अडले ते प्रश्न विचारण्यापाशी. ‘या गटाचा मालक कोण?’ हा प्रश्न सातवा नमुना सोडवी. ‘या खातेदाराची गावातील जमीन किती?’ हा आठ-अ सोडवी. परंतु ‘या तालुक्यात कोणकोणत्या खात्यांत विधवांची नावे आहेत?’ किंवा ‘कोणत्या गटात हिस्सेदारांच्या क्षेत्राची बेरीज मूळ क्षेत्राशी जुळत नाही?’ असे विचारले की शेकडो गावांची दप्तरे उघडावी लागत. उत्तर दप्तरात होते, पण ते काढण्यास माणसाचे आयुष्य पुरले नसते.

आता थोडा वेळ आपण समुद्रापलीकडे जाऊ. मोठमोठ्या याद्यांस प्रश्न विचारण्याची गरज तेथेही होतीच. १८९० च्या अमेरिकन शिरगणतीत हर्मन हॉलेरिथ याने भोके पाडलेल्या कार्डांवरून मोजणारे यंत्र वापरले. पुढे चुंबकीय फीत आली. पण कार्डांचा गठ्ठा काय आणि फीत काय, दोन्ही गुंडाळलेल्या जुन्या पत्रिकेसारखी. शेवटची ओळ वाचावयाची तर पहिलीपासून उलगडत जावे लागे. १९५६ साली, ज्या वर्षी विदर्भ मुंबई राज्यात आला त्याच वर्षी, कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेतून रॅमॅक नावाचे यंत्र बाहेर पडले. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसविलेल्या होत्या. ग्रामोफोनची सुई जशी हव्या त्या गाण्यावर ठेवता येते, तसा एक दांडा हव्या त्या तबकडीवरील हव्या त्या वर्तुळापाशी जाई. सारी फीत उलगडण्याची गरज संपली. या सबंध यंत्रात ५० लाख अक्षरे मावत. एका सातबाऱ्यास हजार अक्षरे धरली तर पाच हजार सातबारे. म्हणजे एका लहान मंडळाचे दप्तर म्हणा ना! यंत्राचे वजन मात्र सुमारे एक टन. आज नखाएवढ्या चिपेत त्याच्या हजारो पट मजकूर मावतो, आणि पुष्कळ ठिकाणी फिरती तबकडी जाऊन तिच्या जागी न फिरणारी चीप आली आहे; परंतु ‘हवे ते पान थेट उघडणे’ ही किल्ली १९५६ ची.

जागा झाली, पण प्रश्न विचारण्याची अडचण अर्धीच सुटली होती. त्या काळी मजकूर साठविण्याच्या ज्या रचना होत्या, त्यांत कोणते पान कोणास जोडले आहे ती वाट माहितीतच कोरलेली असे. आधी गाव, गावाखाली खातेदार, खातेदाराखाली शेत. अशी उतरंड रचली की ‘खातेदाराची शेते सांगा’ हा प्रश्न सोपा, पण ‘या शेताचे सारे खातेदार सांगा’ हा अवघड. शिवाय प्रत्येक प्रश्नासाठी वाट ठाऊक असलेला जाणता माणूस हवा. रुमाल बांधणाऱ्यासच रुमालातले कळावे, तोच हा प्रकार. फक्त रुमाल यंत्राचा.

ही गाठ एडगर कॉड या गणितज्ञाने सोडविली. हा मूळचा इंग्लंडचा. १९२३ चा जन्म, ऑक्सफर्डचे शिक्षण, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात वैमानिक, आणि पुढे आयबीएममध्ये चाकरी. जून १९७० मध्ये त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील विचार ऐकावयास इतका साधा आहे, की हे कोणास आधी कसे सुचले नाही असे वाटावे. सारी माहिती तक्त्यांत मांडा. एका तक्त्यात एकाच प्रकारच्या गोष्टी. प्रत्येक ओळ ओळखता यावी म्हणून तिला एक खूण, एक किल्ली. एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध दाखवावयाचा तर वाट कोरू नका. दोन्हीकडे तीच किल्ली लिहा. आणि विचारणाऱ्याने ‘काय हवे’ एवढेच सांगावे. ‘कोठून व कसे काढावे’ हे यंत्राने पाहावे.

श्रोतेहो, हे ऐकताना आपल्यास काही ओळखीचे वाटले की नाही? तक्ते म्हणजे नमुने. किल्ली म्हणजे गट क्रमांक, खाते क्रमांक, फेरफार क्रमांक. आमचे दप्तर पाहून कॉडने हे लिहिले असे मुळीच नव्हे. त्याची विचारसरणी शुद्ध गणितातून आली. परंतु सत्य एकच असले की निरनिराळ्या वाटांनी जाणारे एकाच ठिकाणी भेटतात. पटवाऱ्याच्या वह्यांना जे व्यवहाराने शिकविले, त्यास कॉडने शास्त्राची बैठक दिली, आणि प्रश्न विचारण्याची सोय करून दिली. या कामासाठी १९८१ साली त्यास संगणकशास्त्रातील सर्वश्रेष्ठ मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

प्रश्नाची भाषा घडविली ती डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस या त्याच प्रयोगशाळेतील दोघा तरुणांनी, १९७४ साली. बॉइस त्याच वर्षी, तिशीही गाठण्यापूर्वी वारला. त्याचे नाव शास्त्रात कॉडच्या नावाशी जोडून राहिले आहे. ही भाषा म्हणजे आजची एसक्यूएल. १९७९ साली ती वापरणारी व्यवस्था बाजारात आली, आणि १९८६ साली अमेरिकेत तिचे प्रमाण रूप ठरले. तिचे मुख्य वाक्य तीन अवयवांचे : सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, म्हणजे ‘काय निवडावे’, ‘कोणत्या तक्त्यातून’, आणि ‘कोणत्या अटीवर’. मराठीत म्हणू : ‘नाव व क्षेत्र निवडा, नमुना सातमधून, जेथे गट क्रमांक १४२ आहे.’ झाला प्रश्न! दोन तक्ते जोडावयाचे तर ‘जॉइन’ म्हणावयाचे आणि कोणत्या किल्लीने जोडावयाचे ते सांगावयाचे.

येथेच नवशिक्याचा पाय घसरतो. सात आणि आठ-अ नावाने जोडले तर? एका गावात एकाच नावाचे तीन खातेदार असू शकतात. त्यांची शेते एकमेकांत मिसळतील. उलट ‘तुळशीराम’ आणि ‘तुळसीराम’ हे यंत्रास दोन वेगळे पुरुष. त्यामुळे एकाची जमीन दोघांत विभागलेली दिसेल. म्हणून नाव हे वाचण्यासाठी आणि क्रमांक हा जोडण्यासाठी, हा पहिला नियम. दुसरा नियम असा, की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. खातेदाराचे नाव दहा तक्त्यांत दहादा लिहिले तर दुरुस्ती नऊ ठिकाणी होते आणि दहावे खोटे बोलत राहते. तिसरा नियम रिकाम्या जागेचा. पोटखराबा शून्य असणे निराळे आणि पोटखराबा लिहिलाच नसणे निराळे. यंत्रात या दोहोंस एक समजले तर बेरीज बिनचूक येऊनही अर्थ चुकतो.

किल्ली कशी निवडावी याचा धडा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाइतका स्पष्ट क्वचितच मिळेल. इंग्रजी अमदानीत बासिम हा स्वतंत्र जिल्हा होता. त्यात बासिम, मंगरूळ आणि पुसद हे तालुके होते. १९०५ साली तो मोडला. बासिम व मंगरूळ अकोल्यास गेले आणि पुसद यवतमाळास. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. आज त्यात वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे सहा तालुके आहेत. गाव जागचे हलले नाही, शेताचा दगड हलला नाही. पण जिल्ह्याचे नाव दोनदा बदलले. ज्याने आपल्या नोंदीची किल्ली ‘अकोला’ या शब्दात गुंफली असेल, त्याची सारी जुळणी १९९८ साली विस्कटली असती. यास्तव जाणते लोक गावास एक स्वतंत्र संकेतांक देतात आणि जिल्ह्याचे नाव बदलता येईल अशा वेगळ्या तक्त्यात ठेवतात.

आता डिस्कची मांडणी कशी करतात ते थोडक्यात सांगतो. कारण उत्तम प्रश्न लिहिणारा मनुष्यही दप्तरखाना नीट न बांधल्यामुळे फसलेला आढळतो. पहिली गोष्ट, रोजकीर्द आणि खतावणी एकाच डिस्कवर ठेवू नयेत. बदल प्रथम रोजकिर्दीत पक्का लिहिला जातो आणि मग तक्त्यात उतरतो. मध्येच वीज गेली तर यंत्र उठल्यावर रोजकीर्द वाचून अर्धवट काम पुरे करते किंवा मागे घेते. आमच्या भागात वीज जाण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको! दुसरी गोष्ट, एका डिस्कवर विसंबू नये. डिस्क आज ना उद्या बिघडते. म्हणून दोन डिस्कांवर तोच मजकूर जोडीने लिहितात, किंवा अनेकांवर अशा युक्तीने पसरतात की एक गेली तरी उरलेल्यांवरून तो पुन्हा काढता यावा. या रीतींची शास्त्रशुद्ध मांडणी १९८८ साली कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या तिघा संशोधकांनी केली. तिला रेड म्हणतात. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. जोडीची डिस्क ही राखीव नक्कल नव्हे. कारकुनाने चुकून एक गाव पुसले तर ते दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसले जाते. राखीव नक्कल वेगळ्या वेळची, वेगळ्या ठिकाणी ठेवलेली पाहिजे. आणि तिच्यावरून दप्तर पुन्हा उभे राहते की नाही, हे अधूनमधून करून पाहिले पाहिजे. न उघडलेल्या पेटीत दागिने आहेतच असे कोण सांगू शकेल?

चौथी गोष्ट सूचीची. तिचे महत्त्व कारंज्याच्या उदाहरणाने पटेल. तेथील जैन भांडारांत शेकडो वर्षे हस्तलिखिते होती. रायबहादूर हिरालाल यांनी संपादिलेली मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध झाली. तीत कारंज्याच्या भांडारांची नोंद आली, आणि पुढच्या दहा वर्षांत तेथील अपभ्रंश ग्रंथ एकामागून एक छापून बाहेर पडले. पोथ्या त्याच, कपाटे तीच. सूची झाली आणि ज्ञान जागे झाले. यंत्रात इंडेक्स हेच काम करतो. ज्या रकान्यावर प्रश्न वारंवार विचारावयाचा, त्याची सूची करावी. परंतु प्रत्येक रकान्याची करू नये. कारण नवी पोथी आली की सर्व सूच्या बदलाव्या लागतात आणि लिहिणारा थकतो.

आता पुन्हा घरी येऊ. भारत सरकारने १९८८-८९ साली भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग देशातील आठ जिल्ह्यांत आरंभिला. महाराष्ट्रातून त्यासाठी निवडलेला जिल्हा आपल्या विदर्भातलाच, वर्धा. पुढे ही योजना सर्वत्र पसरली; २००८ साली तिला राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप आले. लाखो हस्तलिखित सातबारे वाचून यंत्रात घालावयाचे, हे काम किती प्रचंड होते याची कल्पना करा. अक्षर कोणाचे मोडी वळणाचे, कोणाचे घाईचे, शाई उडालेली, कंस फिकट झालेला. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करण्याची ई-पीक पाहणी सुरू झाली. नकलेसाठी घालावयाच्या खेपा पुष्कळ कमी झाल्या, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत.

परंतु यंत्राची एक अडचण आहे. हस्तलिखितातील चूक चुकीसारखी दिसते. छापील चूक खऱ्यासारखी दिसते. समजा, एक गट २ हेक्टर ४० आरचा, आणि तीन भावांस प्रत्येकी ८० आर. घालणाऱ्याने तिसऱ्याचे ०.८० ऐवजी ०.०८ घातले. कागद सुबक, सही पक्की. आणि ७२ आर जमीन, म्हणजे पावणेदोन एकरांहून किंचित अधिक, हवेत विरली! पीककर्ज तिसऱ्या भावास मिळणार ते ८ आरांवर. महसूल अधिनियमाच्या १५७ व्या कलमाप्रमाणे अधिकार-अभिलेखातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची असते. म्हणजे चूक कोणाचीही असो, सिद्ध करण्याचा भार चुकीने पोळलेल्यावर.

आमच्या परिचयातील एका वृद्ध बाईंचा अनुभव सांगतो. पतीच्या मागे दोन मुलांबरोबर त्यांचे नाव हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर लागले होते. संगणकावरील उताऱ्यात मुलांची नावे आली. बाईंचे आले नाही. मुले चांगली, त्यामुळे कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे थोरला मुलगा वारला, सुनेचे नाव लावावयाचे निघाले, आणि तेव्हा कळले की सासूबाई कागदावर नाहीतच. ज्या कचेरीत आम्ही त्यांच्याबरोबर गेलो तेथे प्रथम उत्तर मिळाले, ‘कॉम्प्युटरमध्ये नाही, म्हणजे नाही.’ बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून जुना सातबारा काढून मेजावर ठेवला. त्यावर पतीच्या नावास कंस होता आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकावरून जुनी फेरफार-वही निघाली. तीत वारसांची तीन नावे, आणि पहिले नाव बाईंचे. दुरुस्तीस पुढे काही महिने लागले. पण ती झाली. बाईंस तारले ते एका तलाठ्याने कित्येक वर्षांपूर्वी नियमाप्रमाणे काढलेल्या एका लहानशा वर्तुळाने.

या प्रसंगातून यंत्राविषयी तिटकारा शिकावा असे आमचे म्हणणे नाही. उलट, जो प्रश्न बाईंना पिशवी घेऊन विचारावा लागला, तो यंत्रास एका वाक्यात विचारता येतो : ‘फेरफारात वारस म्हणून आलेली, परंतु सातमध्ये न आलेली नावे निवडा.’ फेरफार-वही यंत्रात नीट घातलेली असेल तर सबंध तालुक्याचे उत्तर थोड्या वेळात हाती येते. तसेच ‘ज्या गटांत हिस्सेदारांच्या क्षेत्राची बेरीज आकारबंदाशी जुळत नाही ते गट निवडा’ हाही प्रश्न. रुमालाच्या काळी हे प्रश्न मनात येऊनही व्यर्थ होते. आज विचारले नाहीत तर तो दोष यंत्राचा नव्हे, न विचारणाऱ्याचा. आणि यंत्रास जे मुळीच कळत नाही, ते गावास कळते. २०१७ साली राज्यात चावडी-वाचन करून संगणकावरील सातबारे लोकांपुढे वाचून दाखविण्यात आले. त्यामागचे तत्त्व हेच. डिस्क नोंद सांभाळते, प्रश्न ती शोधून काढतो. पण ती खरी की खोटी हे सांगणारा शेवटी बांधावरचा शेजारीच असतो.

विंध्यशक्तीने तांब्यावर कोरविले, कारण आपल्यामागे ही नोंद कोणी तरी वाचील असा त्यास भरवसा होता. आपला सातबारा आज तांब्यावर नाही, कागदावर नाही. पण तो वाचण्याची जबाबदारी मात्र पूर्वीइतकीच आपल्यावर आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर ट्रंक उघडावी, जुना उतारा काढावा, संगणकावरील नवा उतारा त्याच्याशेजारी ठेवावा, आणि नाव, क्षेत्र व वर्तुळातले क्रमांक एकास एक ताडून पाहावेत. विशेषतः आई, बहीण, सून यांची नावे आहेत ना, हे आधी पाहावे. फरक आढळला तर जुना कागद फाडू नये आणि अर्ज करण्यास उशीर लावू नये. एवढे या सभेतील दहा घरांनी जरी केले, तरी आमच्या आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.